पहिला नंबर

डॉक्टरांना ही गोष्ट त्यांच्याच एका पेशंटकडून कळली आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त झोंबलं. गुडघा दाखवायला आलेल्या निवृत्त मास्तरांनी तपासणी झाल्यावर खिशातून फोन काढला. नातवाच्या पायांसाठी ते इंटरनेटवरच्या एका ग्रुपमध्ये होते. चालण्याचे आजार असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे, असे चार-पाच हजार लोक तिथे एकमेकांना आपापलं दुखणं सांगत असत.

"ही तुमची पुतणी नाही ना हो?" मास्तर म्हणाले. "चेहरा दिसत नाही, पण मागचे ट्रे तुमच्या बेकरीतले वाटले."

व्हिडिओ चाळीस सेकंदांचा होता. सकाळी आठ वाजता दोन पाय ट्रे घेऊन जिना भराभर उतरत होते. मग तोच जिना, संध्याकाळचे सात. तेच पाय आता घोट्यातून आत वळलेले, एकेका पायरीवर थांबत, कठड्याला धरून खाली येणारे. खाली लिहिलं होतं, 'एकच मुलगी, एकच दिवस. गुरुवारी पायांचं ऑपरेशन आहे. असं कुणी पाहिलंय का?' आणि व्हिडिओच्या शेवटी एक बाई हळूच म्हणत होती, "जपून गं."

तो आवाज डॉक्टरांच्या बायकोचा होता.

रविवारी चार वाजता सगळे भट्टीवरच्या खोलीत जमले. या घरातले सगळे निर्णय याच खोलीत होत आले होते. खाली भट्टी, त्यामुळे वर बारा महिने उकाडा. वडलांनी मुद्दाम ही खोली निवडली होती म्हणे, कारण इथे भांडण लांबत नाही, माणूस आधी घामानेच हरतो. वाटणीचं भांडणसुद्धा इथे पाऊण तासात मिटलं होतं.

चिमणी चहाचे कप घेऊन आली. एकोणीस वर्षांची, दुपारची झोप काढून उठलेली, ताजीतवानी. बाराव्या वर्षापासून तिचे पाय तिचं ऐकत नव्हते, पण आत्ता तिने सहा कप न सांडता टेबलावर ठेवले आणि भिंतीजवळच्या बाकावर आत्याशेजारी जाऊन बसली.

"चालतेय की," डॉक्टर म्हणाले.

"चालतेय," त्यांची बायको म्हणाली. घरात तिला धाकटीच म्हणत, लग्नाला बावीस वर्षं झाली तरी.

"मग जगाला काय दाखवलंस?"

थोरल्यांनी कपाला हातही लावला नव्हता. चिमणीचे वडील, डॉक्टरांचे मोठे भाऊ ते. पहाटे साडेतीनपासून भट्टीसमोर उभं राहणारा माणूस, त्यामुळे बोलतानाही आपण भट्टीच्या आवाजावरून बोलतोय असंच त्यांना वाटे. "माझ्या पोरीचे पाय चव्हाट्यावर! घरची लक्तरं वेशीवर टांगायला तुला आमचीच पोर सापडली?"

"चेहरा नाही दाखवला, दादा."

"ट्रे दाखवलेस! उद्या लोक म्हणतील, यांच्या पावाला कुणाचे हात लागतात."

"पावाला हात लागतात, बाबा," चिमणी म्हणाली. "पाय नाही लागत."

आत्या हसली. दुसरं कुणी हसलं नाही, म्हणून तिनेही तोंडावर पदर घेतला.

"आणि काकूवर ओरडू नका," चिमणी पुढे म्हणाली. "मीच म्हटलं टाक म्हणून. पाय माझे आहेत. गुरुवारी कापणार ते माझेच कापणार ना?"

त्यावर तिची आई, डॉक्टरांची वहिनी, उठली आणि पुन्हा बसली. वहिनी आजवर नवऱ्याच्या बाजूने होती. आठ महिने वाट पाहून ऑपरेशनची तारीख मिळाली होती, शिरा सैल करून पाय सरळ होतील असं मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जनने सांगितलं होतं, आणि ऐन वेळी धाकटीने हा घोळ घातला म्हणून ती दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

"मला एवढंच सांग," डॉक्टर बायकोला म्हणाले. आवाज खाली होता, म्हणजे राग खरा होता. "नवरा डॉक्टर. सत्तावीस वर्षं दवाखाना चालवतोय. त्याला सोडून तू विचारलंस कुणाला?"

"एका बसवालीला."

"कुणाला?"

"शाळेची बस चालवते ती. कुठल्या देशात असते तेही मला नीट माहीत नाही. भाषांतर करून करून बोलतो आम्ही."

"वा!"

"तुम्हाला चार वेळा विचारलं," धाकटी म्हणाली. "तुम्ही चारही वेळा म्हणालात, दिवसभर राबल्यावर कुणाचेही पाय दुखतात. तिला एकदाच विचारलं."

डॉक्टरांनी हात पुढे केला. तिने फोन दिला. ते उत्तरं वाचू लागले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू विजय पसरला. "हे बघ दादा, ऐक. हा म्हणतो पायाला चुंबक बांधा. ही म्हणते पहाटे दवात चालवा. आणि हे महाशय तेल विकतायत."

"ते मलाही दिसलं," धाकटी म्हणाली. "ट्रेमध्ये दोन पाव करपलेले निघतात, ते आपण बाजूला काढतो. म्हणून अख्खा ट्रे फेकतो का? खाली जा, बसवालीचं वाचा. मोठ्याने वाचा."

डॉक्टर मोठ्याने वाचणार नव्हते. पण फोन चिमणीने घेतला आणि तिने वाचलं.

"'ती सकाळी बरी असते का? दुपारी झोपून उठली की पुन्हा बरी होते का? मला अकराव्या वर्षी सुरू झालं. सगळे म्हणायचे, हिचं दुखणं सोयीचं आहे. दोनदा पायांचं ऑपरेशन केलं. मग बत्तिसाव्या वर्षी एका मेंदूच्या डॉक्टरने अर्धी गोळी दिली. चौथ्या दिवशी मी संध्याकाळी पायऱ्या चढले. तुमच्या मुलीचं तेच असेल असं मी म्हणू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण कापण्याआधी मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. आणि संध्याकाळी दाखवा.'"

वहिनी रडायला लागली. आवाज न करता, चहाच्या कपाकडे बघत. "झोपून उठली की बरी होते का," ती म्हणाली. "सात वर्षांत हे कुणी विचारलं नाही हो. सात वर्षांत एकाने नाही. मी सांगायला गेले की म्हणायचे, तुम्ही थोडं बाहेर बसा."

थोरल्यांनी बायकोकडे पाहिलं. त्यांची अर्धी फौज तिथेच गेली.

"आणि ती बसवाली एकटी नाही," धाकटी आता घाईने बोलू लागली. "अकरा जण आहेत तसे. सकाळी चालणारे, संध्याकाळी पडणारे. त्यांनी काय केलं माहितीय? वर्षभर रोज, दर तासाला, आपण कसे चाललो ते लिहून ठेवलं. लिफ्ट दुरुस्त करणारा एक आहे, एक शिंपीण आहे, एक आंधळ्यांच्या शाळेत शिकवतो. ते सगळं जमा करून डॉक्टरांना दिलं. त्यावर डॉक्टरांनी लेख लिहिला. हा घ्या. तुमच्या भाषेतला आहे, वाचा तुम्हीच."

छापील लेख म्हटल्यावर डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

 खालून तव्या-साच्यांचा आवाज येत होता. डॉक्टर वाचत होते. तो आजार त्यांना आठवला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठ केलेला, पुस्तकातल्या एका पानाच्या तळाशी चार ओळींचा, आयुष्यात कधी भेटणार नाही म्हणून परीक्षा संपताच विसरलेला. मेंदूत एक द्रव्य कमी पडतं. झोपेत थोडं साठतं, दिवसभरात संपतं. घराण्यात चालतो. पोरींना जास्त होतो. लेखाच्या शेवटी आभार मानले होते, नावांशिवाय, फक्त कामांवरून: एक शिंपीण, एक लिफ्टवाला, एक बसचालक. सत्तावीस वर्षांत त्यांनी शेकडो लेख वाचले होते, पण आभाराची ओळ दोनदा वाचली ती ही पहिलीच.

"पण मी तिला तपासलंय," ते म्हणाले. आता ते स्वतःशीच बोलत होते. "दर दोन महिन्यांनी. सर्जननेही तपासलंय. एवढा फरक असता तर दिसला नसता?"

"कधी तपासलंत?" धाकटीने विचारलं.

"कधी म्हणजे?"

"किती वाजता?"

डॉक्टरांनी हातातला लेख खाली ठेवला.

बेकरीवाल्यांचं घर ते. पहाटे उठणारं, दुपारी गाढ झोपणारं. वडील म्हणायचे, शिळा पाव आणि शेवटचा नंबर आपल्या घरात चालत नाही. त्यामुळे शाळेचा फॉर्म असो, विजेचं बिल असो की दवाखाना, या घराचा पहिला नंबर ठरलेला. थोरले चिमणीला घेऊन हॉस्पिटलच्या दारात शिपायाच्याही आधी हजर असत आणि घरी येऊन अभिमानाने सांगत, आजही आपलाच नंबर पहिला. डॉक्टर भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत. त्यांच्या दवाखान्यातही पुतणीला आठच्या ठोक्याला, बाकीच्यांच्या आधी. रविवारी ते यायचे ते न्याहारीला. संध्याकाळी त्यांचा दवाखाना नऊपर्यंत. आणि धाकटी रोज संध्याकाळी बेकरीच्या फोनवरच्या ऑर्डरी घ्यायला यायची, म्हणून तिलाच काय ते दिसायचं.

"आठ वाजता," डॉक्टर म्हणाले. "नेहमी आठ वाजता."

"पहिला नंबर," थोरले म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मीच न्यायचो. मीच भांडून पहिला नंबर घ्यायचो."

"दादा, तुझी चूक नाही."

"मग कुणाची?"

 तेवढ्यात बाकावरून आत्या बोलली. तिघा भावंडांत ती थोरली, एकसष्ट वर्षांची. एरवी दुपारी चारपासून दुकान बंद होईपर्यंत गल्ल्यावरच्या उंच स्टुलावर बसायची आणि एकदा बसली की उठायची नाही. तिच्या बसण्यावर घरात भरपूर विनोद होते, तेही बहुतेक तिनेच केलेले.

"त्या बसवालीचं," तिने विचारलं, "आधी बोटं आत वळायची, की घोटा?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. असला प्रश्न नुसतं ऐकून कुणाला पडत नाही. पण डॉक्टरांनी मध्येच घड्याळाकडे बघून सांगितलं, "आज मी दवाखाना उघडत नाही. चिमणे, तू झोपू नकोस. खाली जा, काउंटरवर थांब, वर ये. नेहमीसारखं कर. मी इथेच बसतो."

ते बसले. शर्ट पाठीला चिकटला तरी बसले. पाच वाजता चिमणी वर आली ती नीट. सहा वाजता तिने कठडा धरला. पावणेसातला ती कप उचलायला वाकली तेव्हा उजवा पाय आत वळायला लागला होता, जसं कुणी तो हळूहळू खेचून आत वळवतंय. तिने तो नेटाने सरळ केला. तो पुन्हा वळला. मग डावा. टेबलापासून दारापर्यंतच्या आठ पावलांना तिला एवढा वेळ लागला की थोरले मध्येच उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सात वर्षं ही मुलगी डॉक्टरांच्या हाताखाली होती आणि ते तिला आज पहिल्यांदा पाहत होते. ते खुर्चीतून उठले आणि पुतणीसमोर जमिनीवर बसून त्यांनी तिचे घोटे दोन्ही हातांत धरले.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज, काका."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," चिमणी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते त्यांना सहन झालं नाही.

त्यांनी तिथूनच, जमिनीवर बसूनच, मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला. कॉलेजातले मित्र. पाच मिनिटं बोलले, मग बराच वेळ ऐकलं. "हो," ते म्हणाले. "नाही, मला नाही सुचलं. माझ्या बायकोला सुचलं." मग थोडं थांबून, "आणि एका बसवालीला."

गुरुवारचं ऑपरेशन पुढे ढकललं. सोमवारी संध्याकाळी सहा वाजता, शेवटचा नंबर मागून घेऊन, थोरल्यांनी मुलीला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त दिलं, तपासण्या झाल्या आणि अगदी थोड्या गोळीवर बघू असं ठरलं. गोळी अर्धी करायची होती. पिठाचा गोळा डोळ्यांनी तोलणाऱ्या थोरल्यांनी ती दोनदा मोजून मग सुरीने कापली. "एवढीशी?" ते म्हणाले. "यीस्टसुद्धा यापेक्षा जास्त लागतं."

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी चिमणी म्हणाली, पाय हलके वाटतात, आणि सगळ्यांनी तिला गप्प केलं, उगाच दृष्ट नको. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता सगळे काही ना काही कारण काढून जिन्याखाली जमले होते. डॉक्टरांनी सलग पाचव्या दिवशी दवाखाना लवकर बंद केला होता.

चिमणी वरच्या पायरीवर उभी राहिली. कठड्यावरचा हात तिने काढला. मग ती उतरली. एक, दोन, तीन, थांबली नाही. पाऊल सरळ, दुसरं सरळ, सोळाच्या सोळा पायऱ्या. खाली येऊन ती सगळ्यांकडे बघत राहिली. मग कुणी काही बोलायच्या आत वळली आणि धावत वर गेली, परत खाली आली, परत वर गेली. हसता हसता तिला दम लागला. थोरले, ज्यांच्या आवाजाने भट्टीवरची खोली दणाणायची, ते तोंडावर पिठाचा हात ठेवून उभे होते आणि त्यांच्या गालावर पांढरे पट्टे उमटले होते. वहिनी धाकटीला मिठी मारून नुसतं "अगं, अगं" म्हणत होती.

डॉक्टरांनी माणसं वाचताना पाहिली होती, मरताना पाहिली होती. पण अर्ध्या गोळीने सात वर्षं पुसली जाताना पाहिली नव्हती. आणि ही गोळी आपल्याच औषधवाल्याच्या कपाटात, आपल्या दवाखान्यापासून दोन दुकानं सोडून, इतकी वर्षं पडून होती. तिच्यापर्यंतची वाट मात्र कुठल्याशा परक्या गावच्या एका बाईने, मुलांना शाळेत सोडून आल्यावर रिकाम्या बसमध्ये बसून, अंगठ्याने लिहून दाखवली होती. त्यांना स्वतःची लाज वाटायला हवी होती, ती वाटली. पण तिच्याहून कितीतरी मोठं काहीतरी वाटत होतं आणि त्याला काय म्हणावं हे त्यांना कळेना.

त्यांनी बायकोकडे फोन मागितला. "मला त्या ग्रुपमध्ये घे," ते म्हणाले. "लिहायचंय."

"काय लिहिणार?"

"की मी डॉक्टर आहे. आणि माझ्या घरात हे होतं, आणि मी दर वेळी सकाळीच बघत होतो."

आत्या गल्ल्यावरून हे सगळं ऐकत होती. जिना तिला दिसत नव्हता. पायांचा आवाज मात्र येत होता, वर, खाली, वर. हात गल्ल्याच्या लाकडावर होते. असा आवाज संध्याकाळी या घरात सात वर्षांत झाला नव्हता.

डॉक्टर दुकानात आले आणि तिच्या स्टुलासमोर उभे राहिले. घराण्यात चालतो, पोरींना जास्त होतो, हे त्यांनी रविवारपासून मनात शंभरदा वाचलं होतं.

"ताई," ते म्हणाले, "तू संध्याकाळी शेवटची कधी चाललीस?"

"तू कॉलेजात होतास तेव्हा." ती ग्राहकाला सुटे पैसे द्यावेत तितक्या सहज बोलली. "माझं लग्न ठरलं ते सकाळी. मोडलं संध्याकाळी. मुलाकडचे मला जरा फिरायला घेऊन गेले होते."

"मी तुला म्हणालो होतो..."

"की मनाचा खेळ आहे. म्हणालास. पहिल्या वर्षाला होतास तू, आम्हाला काय, देवच बोलला असं वाटलं. मग मी स्टूल करून घेतलं."

 डॉक्टरांनी गल्ल्यावर हात टेकला. "उद्या तुला दाखवू. वयाने काही बिघडत नाही, त्यात लिहिलंय. तुलाही गोळी..."

"नको."

"ताई."

"नको रे." तिचा आवाज आता फाटला. "नाही चालले तर काही नाही, सवय आहे. पण चालले तर? चाळीस वर्षं काय करू मी? कुठे ठेवू ती? एवढ्याशा गोळीसाठी गेली असं म्हणू?"

 उत्तर चिमणीने दिलं. ती धापा टाकत दारात येऊन उभी होती. "आत्या, बसवालीला विचारू का? तिची एकवीस वर्षं गेलीत. तिने कुठे ठेवली ते ती सांगेल."

आणि तिथेच, गल्ल्यावर फोन ठेवून, तिने विचारलं. थोड्या वेळाने उत्तर आलं. चिमणीने ते भाषांतर करून वाचलं. "'मी खूप रडले. मग संध्याकाळी फिरायला गेले. अजून रोज जाते. आत्यांना सांगा, संध्याकाळ तशीच आहे, कुणी संपवलेली नाही.'"

आत्याने फोन हातात घेतला, ती परक्या भाषेतली अक्षरं लांब धरून बघितली. वाचता येत नव्हती तरी बघितली.

गोळी तिनेही सुरू केली, पण तिला वेळ लागला. पाय चाळीस वर्षं आखडलेले, चार दिवसांत कसे सुटणार? तीन आठवडे गेले, डोस दोनदा वाढवला, मेंदूचे डॉक्टर दर वेळी शेवटचा नंबर देत. आणि एका संध्याकाळी, साडेसात वाजता, दुकानात गिऱ्हाईक असताना, ती स्टुलावरून उतरली. कुणाला सांगितलं नाही. काउंटरची फळी उचलून बाहेर आली, दोन पायऱ्या उतरली, रस्ता ओलांडायला थांबली, एक गाडी जाऊ दिली आणि पलीकडच्या फुटपाथवर जाऊन मागे वळली.

धाकटी धावत बाहेर आली तेव्हा आत्या दिव्याच्या खांबाला न टेकता उभी होती आणि मान वर करून बघत होती. बेकरीवरची पाटी पेटली होती. वीस वर्षांपूर्वी बसवलेली, अंधार पडल्यावरच लागणारी. अक्षरांचा लाल उजेड खालच्या पावांवर, दारातल्या गिऱ्हाइकांवर, निम्म्या रस्त्यावर पडला होता.

"ताई, काय झालं? काय बघताय?"

आत्याने पाटीवरची नजर हलवली नाही. "अगं, ही एवढी सुंदर दिसते," ती म्हणाली, "आणि तुम्ही कुणी मला कधी सांगितलं नाहीत?"